मराठी पुस्तकाचं मुखपृष्ठ आणि दुकानाची पाटी हाताने कशी घडवायची

मुखपृष्ठाचं पहिलं काम मिळालं की बहुतेक जण आधी संगणक उघडतात. फॉन्टची यादी वर-खाली करतात, दोन-चार छायाचित्रं शोधतात आणि संध्याकाळपर्यंत काहीतरी उभं राहतं. ते दिसायला ठीक असतं. पण त्यावरचं नाव बदलून दुसरं टाकलं तरी काही बिघडत नाही, आणि खरी अडचण तीच आहे.

मी मराठी पुस्तकांची मुखपृष्ठं, आतली मांडणी आणि छोट्या उद्योगांची बोधचिन्हं करते. सुरुवात पेन्सिल-कागदावर करते आणि संगणक उशिरा उघडते. ज्यांना या पद्धतीने काम शिकायचंय पण कुठून सुरू करावं ते कळत नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. एक गोष्ट आधीच सांगते. हाताने काम करायचं ते निर्णय नीट घेता यावेत म्हणून. अक्षर किती जाड हवं, दोन ओळी किती जवळ याव्यात, पुस्तक हातात कसं बसेल, या प्रश्नांची उत्तरं कागदावर लवकर आणि स्वस्तात मिळतात. तयार फॉन्टवर खडबडीत पोत चढवून तो ‘हस्तनिर्मित’ दाखवायचा असेल, तर या पायऱ्यांची गरज नाही.

लागणारं साहित्य

सुरुवातीला फार खर्च करू नका. एवढं पुरतं :

- एचबी आणि २बी पेन्सिली, खोडरबर, स्टीलची पट्टी
- ट्रेसिंग पेपरचं पॅड (हे भरपूर लागतं, कंजुषी नको)
- बोरू, किंवा तिरका काप असलेले चपटे निब. एक गोल आणि एक चपटा ब्रश
- काळी वॉटरप्रूफ शाई आणि पांढरा पोस्टर कलर, कडा दुरुस्त करायला
- कटर, कटिंग मॅट, बोन फोल्डर (घडी दाबायची पट्टी), जाड सुई, मेण लावलेला दोरा
- ६०० डीपीआयला स्कॅन करणारा साधा फ्लॅटबेड स्कॅनर
- इलस्ट्रेटर-इनडिझाइन, किंवा फुकटात हवं असेल तर इंकस्केप आणि स्क्रायबस

इंग्रजी कॅलिग्राफीच्या संचात येणारे सरळ कापाचे निब देवनागरीसाठी घेऊ नका. देवनागरीच्या बोरूचं टोक तिरकं कापतात. सरळ निबाने तेच वळण काढायचं म्हटलं तर मनगट वाकडं धरावं लागतं आणि जाड-बारीक रेषा चुकीच्या जागी पडतात. बोरू स्वतः तासायला शिकलात तर उत्तम. काप किती तिरका हवा हे मग हाताला आपोआप कळायला लागतं.

१. आधी मजकूर वाचा

प्रकाशक पाच ओळींचा गोषवारा पाठवतो आणि म्हणतो, ‘यावरून करा.’ तेवढ्यावर थांबू नका, पूर्ण हस्तलिखित मागा. कादंबरी असेल तर पूर्ण वाचा. संदर्भग्रंथ असेल तर प्रस्तावना, अनुक्रमणिका आणि मधली दोन प्रकरणं वाचा. वाचताना चित्रं शोधत बसू नका, लेखकाच्या भाषेचा पोत लक्षात घ्या. वाक्यं तुटक आहेत की लांब? बोलीतली आहेत की प्रमाण? तुमच्या अक्षरांचं वळण पुढे यावरूनच ठरणार आहे.

वाचून झाल्यावर प्रकाशकाला विचारायचे प्रश्न : आकार कोणता, पानं अंदाजे किती, किती प्रती, छपाई ऑफसेट की डिजिटल, बांधणी कोणती, मुखपृष्ठाला किती रंग परवडतात आणि छापखाना ठरलाय का. शेवटचा प्रश्न नवे लोक विचारत नाहीत. पण छापखाना आधी कळला तर त्यांच्याकडे कोणता कागद सहज मिळतो हे विचारता येतं, आणि निम्मे निर्णय तिथेच होतात.

याच सुमारास एक दिवस जुन्या ग्रंथालयात घालवा. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चं. मराठी मुखपृष्ठांचा असा साठा नेटवर सापडत नाही. दीनानाथ दलालांची दिवाळी अंकांची मुखपृष्ठं, बाळ ठाकूर, पद्मा सहस्रबुद्धे, सुभाष अवचट यांची कामं प्रत्यक्ष हातात घेऊन बघा. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी केलेली शीर्षकं तर वहीत उतरवून काढा. नाटकाचा स्वभाव त्या अक्षरांतच दिसतो, शेजारी चित्राची गरज पडत नाही. नक्कल केलेलं काम कुणाला द्यायचं नाही हे उघड आहे. पण उतरवून काढल्याशिवाय ती वळणं हाताला कळत नाहीत.

२. कोरी डमी बांधा

मुखपृष्ठाचा विचार सुरू करण्याआधी पुस्तकाची कोरी प्रत बांधून घ्या. मराठीत सगळ्यात रुळलेला आकार डेमी, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंच. २३ × ३६ इंची मोठ्या कागदातून या आकाराची १६ पानं, म्हणजे दोन्ही बाजू धरून ३२ पृष्ठं निघतात. कागदाच्या एका बाजूवर १६ पृष्ठं एकदम छापतात, त्याला फॉर्म म्हणतात. म्हणून पृष्ठसंख्या १६ च्या पटीत बसवायची असते. पुस्तक १९५ पृष्ठांचं होत असेल तर ते १९२ मध्ये बसवा. त्या जादा तीन पृष्ठांसाठी आणखी एक फॉर्म चढवावा लागतो, कागद वाया जातो आणि खर्च वाढतो.

ठरलेल्याच कागदाचे नमुने मागा. आतल्या पानांना साधारण ७० जीएसएम (कागदाचं दर चौरस मीटर ग्रॅममधलं वजन) मॅपलिथो, म्हणजे पुस्तकांचा नेहमीचा पांढरा कागद, किंवा किंचित पिवळसर नॅचरल शेड, मुखपृष्ठाला २५० ते ३०० जीएसएम आर्ट कार्ड, असा नेहमीचा हिशेब असतो. पांढऱ्याफटक कागदापेक्षा नॅचरल शेड डोळ्यांना सुखाचा असतो आणि मी शक्यतो तोच सुचवते.

कागदाला ग्रेन असतो, म्हणजे त्याचे तंतू एका दिशेने धावतात. त्या दिशेने घडी सरळ पडते, आडव्या दिशेने ती फाटल्यासारखी होते. पुस्तकात ग्रेन कण्याला, म्हणजे पानं बांधलेल्या कडेला, समांतर हवा. आडवा असेल तर पुस्तक नीट उघडत नाही, पानं ताठ उभी राहतात आणि पावसाळ्यात कण्याजवळ लाटा येतात. दिशा ओळखायला कागदाचा छोटा चौकोन कापून एका बाजूने ओला करा. तो ज्या अक्षाभोवती गुंडाळतो तीच ग्रेनची दिशा. छापखान्यात हे दोन मिनिटांत होतं. तिथे हा प्रश्न विचारणारा डिझायनर क्वचितच येतो, म्हणून मुद्दाम विचारा.

डमीमुळे कण्याची जाडी कळते. १९२ पृष्ठं म्हणजे ९६ पानं. एक पान ०.१ मिलिमीटर धरलं तर ९.६ मिलिमीटर, अधिक मुखपृष्ठाची जाडी. पण एकाच जीएसएमचे दोन गिरण्यांचे कागद जाडीला सारखे निघतीलच असं नाही, त्यामुळे हिशेबावर विसंबू नका, डमी मोजा. कणा एक-दोन मिलिमीटरने चुकला तरी शीर्षक पुढच्या बाजूला सरकतं, आणि पुस्तक कपाटात उभं राहिलं की आयुष्यभर तेच दिसत राहतं.

हातकागद वापरायचा मोह सगळ्यांनाच होतो. महाराष्ट्रात त्याची परंपरा जुनी आहे. जुन्नरचा कागद प्रसिद्ध होता, दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याला तर नावच कागदावरून पडलं. पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे, तिथे जाऊन कागद हाताळता येतो. पण हजार-दोन हजार प्रतींच्या ऑफसेट छपाईत हातकागद त्रास देतो : जाडी एकसारखी नसते, शाई जास्त शोषली जाते, सुटे तंतू यंत्रात अडकतात. शंभर-दोनशे प्रतींचा कवितासंग्रह आणि मुखपृष्ठ स्क्रीन प्रिंटिंगने एक-दोन रंगांत, असं काम असेल तर जरूर वापरा. त्या जोडीला तोड नाही.

३. शीर्षकाची अक्षरं

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ द्या.

समजा शीर्षक आहे ‘किनाऱ्यावरची घरं’. आधी ते साध्या हस्ताक्षरात लिहा आणि नुसतं बघा. पहिलं अक्षर ‘कि’, म्हणजे सुरुवातीलाच एक वेलांटी कमान टाकते. ओळीच्या शेवटी ‘ची’, म्हणजे दुसरी कमान. दोन्ही कमानींमध्ये ‘नाऱ्यावर’ हा लांब सपाट भाग, वर काहीच नाही. मग ‘घरं’ आणि त्यावर एक अनुस्वार. या शीर्षकाचा आकार या तीन गोष्टींनी ठरतो. दोन कमानींना समुद्राचं वळण द्यायचं की घराच्या कौलाचं, एवढ्या एका प्रश्नावर दहा-बारा वेगळी रेखाटनं निघतात. तयार फॉन्टमध्ये ही शक्यता डोळ्याला दिसतच नाही, कारण तिथे वेलांटी आधीच ठरलेली असते.

आता दोन ओळी करून बघा. वरच्या ओळीत एकही उकार नाही, म्हणजे खालचा भाग मोकळा आहे. खालच्या ओळीवर अनुस्वार सोडला तर काही नाही. म्हणून या दोन ओळी नेहमीपेक्षा बऱ्याच जवळ आणता येतात. अनुस्वार वरच्या दोन अक्षरांमधल्या फटीत बसवता येतो. हेच शीर्षक ‘फुलांच्या गर्दीतून’ असतं तर वरच्या ओळीतला उकार आणि खालच्या ओळीतले रफार-वेलांटी यांची टक्कर झाली असती आणि अंतर वाढवावं लागलं असतं. अंतर आकड्याने ठरवता येत नाही, शीर्षक बघून ठरवावं लागतं.

काम असं करा. अंगठ्याच्या नखाएवढी वीसेक रेखाटनं काढा. त्यातली तीन निवडा. ती मोठ्या आकारात पेन्सिलीने काढा, त्यावर ट्रेसिंग ठेवून पुन्हा काढा, सुधारा, पुन्हा ट्रेसिंग. प्रत्येक थरात फक्त एकच गोष्ट बदला : एकदा जाडी, एकदा अंतर, एकदा वळण. सगळं एकदम बदललं तर कशामुळे सुधारलं ते कळत नाही. अधूनमधून कागद उलटा करून उजेडात धरा. उलट्या अक्षरांत अर्थ वाचला जात नाही, नुसते आकार दिसतात, आणि कुठे काळोख साचलाय ते लगेच लक्षात येतं.

शिरोरेषेबद्दल ठाम मत आधी बनवा. ती सलग हवी की अक्षरागणिक तुटलेली? तिची जाडी उभ्या दंडाएवढी की कमी? शिरोरेषा काढून टाकली की अक्षरं हलकी होतात; पण ‘घ’ आणि ‘ध’, ‘म’ आणि ‘भ’ या जोड्यांत फरक दाखवायला मग दुसरा उपाय शोधावा लागतो. ‘ख’ काढताना दोन भाग जोडलेले ठेवा, नाहीतर तो ‘रव’ वाचला जातो.

आणि मराठी वळण सांभाळा. मराठीत ‘ल’ पाकळीचा आणि ‘श’ देठाचा. राज्य शासनाच्या वर्णमालेच्या निर्णयातही हीच रूपं दिली आहेत. ‘झ’, ‘५’, ‘८’, ‘९’ यांचीही हिंदीत वेगळी रूपं चालतात. मराठी पुस्तकाच्या मुखपृष्ठावर हिंदी वळणाचा ‘ल’ दिसला की वाचकाला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी परकं वाटतं. लहानपणापासून डोळ्याला सवय वेगळ्या अक्षराची असते. ती सवय घडवण्यात मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याच्या सुबक खिळ्यांचा, म्हणजे छपाईच्या धातूच्या अक्षरांचा, मोठा वाटा आहे. जावजी दादाजींनी तो १८६९ मध्ये सुरू केला. त्यांच्या टाइपात छापलेलं एखादं जुनं पुस्तक मिळालं तर त्यातली जोडाक्षरं भिंगातून बघा.

४. कागदावरून संगणकावर

अंतिम अक्षरं छपाईच्या आकाराच्या दीडपट-दुप्पट मोठी, शाईने काढा. ६०० डीपीआयला ग्रेस्केलमध्ये स्कॅन करा, जेपेगऐवजी टिफमध्ये ठेवा. मग रस्ते दोन.

ब्रशचा कोरडा फटकारा, शाईचे तुटलेले काठ हेच अक्षराचं सौंदर्य असेल तर व्हेक्टर (बिंदू-रेषांनी आखलेलं रूप) करूच नका. लेव्हल्स नीट करून उच्च रिझोल्यूशनचं चित्र म्हणून तसंच वापरा. कडा स्वच्छ हव्या असतील तर पेन टूलने स्वतः ट्रेस करा. बिंदू वळणाच्या टोकांवर ठेवा, म्हणजे सर्वांत वर, सर्वांत खाली, सर्वांत डावीकडे आणि उजवीकडे, आणि कमीत कमी ठेवा. ऑटो ट्रेसचं बटण एका क्षणात काम करतं, पण शेकडो अनावश्यक बिंदू टाकतं आणि वळणांना बारीक गाठी येतात. पडद्यावर त्या दिसत नाहीत. एम्बॉसिंगचा (उठावाच्या छपाईचा) ठसा बनला किंवा पाटी पाच फुटांची झाली की लांबूनही दिसतात.

५. आतली पानं

मुखपृष्ठ हाताने केलं आणि आत दिसेल तो फॉन्ट ओतला, असं नेहमी होतं. वाचकाचे पुस्तकातले सगळे तास आतल्या पानांवर जातात. तिथे अक्षरं हाताने काढायची नसतात, पण नजर तीच लागते.

फॉन्ट युनिकोड घ्या. एक टाइपचा ‘मुक्त’, आयआयटी मुंबईचा ‘शोभिका’, ‘तिरो देवनागरी मराठी’ हे सगळे मुक्त परवान्याचे आहेत आणि पुस्तकात वापरता येतात. लांब मजकुराला मी जाड-बारीक रेषांचा फॉन्ट घेते. एकसारख्या जाडीचे फॉन्ट मथळे, कोष्टकं आणि बालपुस्तकांना जास्त शोभतात. आकार १२-१३ पॉइंट असेल तर ओळींचं अंतर १८ च्या आसपास धरून सुरुवात करा. देवनागरीत अक्षराच्या वर आणि खालीही चिन्हं येतात, त्यामुळे इंग्रजीचं अंतर इथे दाटीवाटीचं होतं.

नेहमीचे सापळे :

इनडिझाइनमध्ये ‘वर्ल्ड-रेडी’ कंपोझर निवडलेला नसेल तर जोडाक्षरं फुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते. डीटीपी करणाऱ्याला दोष देण्याआधी हे तपासा.

हस्तलिखित जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेलं असेल तर ते रूपांतरित करावं लागतं, आणि रूपांतरात काही जोडाक्षरं हमखास बिघडतात. ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ सगळ्यांत आधी. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे दोन वेगळे लोक आहेत. र-ला हलन्त देऊन य टाइप केला की रफार येतो, अर्धचंद्रासारखा ‘ऱ’ हवा असेल तर नुक्त्याचा ऱ लागतो. इनस्क्रिप्ट कळफलकावर तो शिफ्ट धरून ‘जे’च्या कळीवर मिळतो. रूपांतर झाल्यावर ‘तऱ्हा’, ‘सुऱ्या’, ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ असे शब्द शोधून एकेक तपासा. निवडलेल्या फॉन्टमध्ये हे अक्षर नीट दिसतं का, हे फॉन्ट ठरवण्याआधी बघायचं असतं.

दोन्ही कडा सरळ ठेवल्या की मराठीत ओळीत भोकं पडतात, कारण प्रत्यय जोडून शब्द लांबलचक होतात : ‘विद्यापीठांमधल्यासुद्धा’. जिथे भोकं फार दिसतात तिथे लेखकाला किंवा संपादकाला विचारून एखादा शब्द मागे-पुढे करा. स्वतःच्या अधिकारात मजकूर बदलू नका.

६. छापखान्यात

फाइल मेलवर पाठवून मोकळे होऊ नका. पहिला फॉर्म यंत्रावर चढेल त्या दिवशी तिथे उभे राहा. छापणारे कारागीर ज्या गोष्टी पटकन सांगतात त्या कुठल्याही अभ्यासक्रमात मिळत नाहीत.

देण्याआधी तपासा : सर्व बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड (कापाच्या रेषेबाहेर वाढवलेलं चित्र), महत्त्वाचा मजकूर कापाच्या रेषेपासून किमान ५ मिलिमीटर आत, रंग सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार शाईंच्या पद्धतीत), आतला मजकूर फक्त काळ्या शाईत. चार रंगांतून बनलेला काळा छोट्या अक्षरांना लागला आणि नोंदणी (चारही रंग नेमके एकमेकांवर बसणं) किंचित हलली की अनुस्वाराभोवती रंगीत कडा दिसते.

मॅट लॅमिनेशनने रंग थोडे दबतात, गडद निळा आणि तपकिरी जास्त. म्हणून रंगाचा नमुना लॅमिनेशन करूनच मागा. सोनेरी फॉईल किंवा एम्बॉसिंग करायचं असेल तर ट्रेस करतानाच बारीक रेषा जाड करून ठेवा. केसासारखी रेषा फॉईलमध्ये तुटते.

एका छापखान्याने माझ्या एका पुस्तकाला न विचारता वेगळ्या गिरणीचा कागद लावला. जीएसएम तेवढाच, पण कागद पातळ, आणि आखलेला कणा चुकला. तेव्हापासून कागदाचं नाव, जीएसएम आणि शेड दरपत्रकावर लिहून घेते. तुम्हीही घ्या.

बांधणीत शक्य असेल तर सेक्शन शिलाई (घडी घातलेले गठ्ठे दोऱ्याने शिवणं) मागा. परफेक्ट बायंडिंग (कण्याला नुसता डिंक लावणं) स्वस्त असतं, पण जाड पुस्तक पूर्ण उघडलं की डिंकाची पट्टी तडकते. वारंवार उघडायच्या पुस्तकाला, म्हणजे कोश, पाककृती, स्तोत्रसंग्रह यांना, शिलाईच हवी आणि त्यासाठी प्रकाशकाशी वाद घालायलाही हरकत नाही.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, प्रकाशकाने घ्यायचा असतो. नवी दिल्लीच्या राष्ट्रीय संस्थेकडून तो ऑनलाइन आणि विनामूल्य मिळतो. १३ अंकी क्रमांक हाती आल्याशिवाय मलपृष्ठ अंतिम करू नका. बारकोड गडद रंगात, पांढऱ्या पट्टीवर ठेवा.

७. ब्रँडिंग : पाटी, लेबल, शिक्का

मार्ग तोच, कसोटी वेगळी. पुस्तकाचं शीर्षक एका ठिकाणी, एका आकारात दिसतं. बोधचिन्ह बाटलीच्या झाकणावरही जातं आणि टेम्पोवरही.

आमच्याकडे अजूनही अनेक उद्योजक इंग्रजी बोधचिन्ह आधी करून घेतात आणि मराठी नंतर त्याखाली चिकटवतात. हा क्रम उलटा करा. कायद्याचंही कारण आहे : दुकानं आणि आस्थापनांच्या २०१७ च्या महाराष्ट्राच्या कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली, आणि आता दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही पाटीवर देवनागरीत मराठी नाव लागतं. ते इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान असून चालत नाही. म्हणजे मराठी अक्षर पाटीवर ठळक असणारच आहे. ते ठिगळासारखं दिसणार की मूळ ओळख म्हणून, एवढंच तुमच्या हातात आहे.

समजा कोकणातला एक घरगुती उद्योग कोकम आगळ विकतो. तयार करणाऱ्या काकूंशी बोला, घरी जा, बरण्या बघा, त्या स्वतः बरणीवर नाव कसं लिहितात ते बघा. त्या चिकटपट्टीवरच्या अक्षरांत पुष्कळदा बोधचिन्हाचं बी सापडतं. मग ‘आगळ’ हा शब्द घ्या. ‘आ’ आणि ‘ग’ मोकळे आहेत, खरी परीक्षा ‘ळ’ची. त्याची दोन पोटं लहान आकारात भरून जातात आणि एक काळा ठिपका उरतो. म्हणून ‘ळ’ किंचित रुंद करा, पोटं उघडी ठेवा, शिरोरेषा थोडी बारीक करा. १२ मिलिमीटर रुंदीत छापून हातभर अंतरावरून वाचा. मग तोच कागद फोटोकॉपी यंत्रातून तीन-चार वेळा एकावर एक काढा. तरीही वाचता आलं तर चिन्ह पक्कं.

लेबलाची जागा आखताना सक्तीचा मजकूर आधी बसवा : एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी परवाना क्रमांक, शाकाहाराचं हिरवं चिन्ह, घटक, निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत, उत्पादनाची तारीख, उत्पादकाचा पत्ता. हे सगळं शेवटी कोंबलं की सुंदर लेबल बिघडतं.

रंग एक किंवा दोनच ठेवा. एका रंगातलं चिन्ह रबरी शिक्क्याने कागदी पिशवीवर उठतं, स्क्रीनने कापडावर छापता येतं, पेंटरला भिंतीवर रंगवता येतं. छोट्या उद्योगाचे त्यात खरोखर पैसे वाचतात. पाटी रंगवणारा पेंटर गावात असेल तर त्यालाच काम द्यायला सुचवा आणि पूर्ण आकाराचं रेखाटन कागदावर काढून द्या.

८. कागदपत्रं, पैसे, श्रेय

काम सुरू होण्याआधी हे लेखी हवं :

- कामाची व्याप्ती : फक्त मुखपृष्ठ, की मलपृष्ठ, कणा, आतली मांडणीही
- किती पर्याय दाखवणार, किती दुरुस्त्या मानधनात धरलेल्या
- आगाऊ रक्कम (मी निम्मी घेते) आणि उरलेली फाइल देण्याआधी
- हक्क कोणते, किती काळ, कुठे
- श्रेय आणि प्रती
- मूळ कलाकृती कुणाकडे राहणार

हक्कांचं कलम घाईत लिहू नका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क लेखी कराराशिवाय दुसऱ्याकडे जात नाहीत. करारात मुदत नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश नसेल तर भारत. पण पैसे देऊन खास करून घेतलेल्या चित्राचा किंवा छायाचित्राचा पहिला मालक, वेगळं ठरलं नसेल तर, करून घेणारा असतो. मुखपृष्ठावर तुमचं रंगवलेलं चित्र असेल तर ‘वेगळं ठरणं’ कागदावर यायलाच हवं. नाहीतर तेच चित्र पुढे दिनदर्शिकेवर आलं तरी तुम्हाला काही म्हणता येणार नाही. बोधचिन्हाचं उलट असतं. तिथे सगळे हक्क ग्राहकाला द्यावे लागतात, कारण ट्रेडमार्क त्याच्या नावाने व्हायचा असतो. मानधन ठरवताना ते लक्षात ठेवा. ट्रेडमार्कचा अर्ज ग्राहकाने करायचा. ऑनलाइन शुल्क व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगांना प्रत्येक वर्गामागे ४,५०० रुपये, इतरांना ९,००० रुपये. चिन्ह अंतिम करण्याआधी ट्रेडमार्कच्या सार्वजनिक नोंदींत तेच नाव शोधून बघा. वर्षभराने नाव बदलावं लागलं तर पाटी, लेबल, पिशव्या सगळं वाया जातं.

श्रेय मागायला संकोच करू नका. श्रेयपृष्ठावर ‘मुखपृष्ठ’, ‘अक्षरजुळणी’, ‘मुद्रक’ या ओळी असतात. शीर्षक हाताने काढलं असेल तर ‘शीर्षक सुलेखन’ अशी वेगळी ओळ मागून घ्या. पुढच्या आवृत्तीतही ती राहील हे करारात लिहा, कारण आवृत्ती बदलताना श्रेयपृष्ठ नव्याने जुळवलं जातं आणि नावं गळतात.

काम संपल्यावर मूळ शाईकाम, निवडलेली ट्रेसिंग्ज आणि डमी एका आम्लमुक्त कागदाच्या पाकिटात ठेवा. पाकिटावर शीर्षक, वर्ष, छपाईचा आकार आणि वापरलेल्या कागदाचं नाव लिहा. दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी प्रकाशकाकडे फाइल सापडत नाही तेव्हा तुम्हालाच फोन येतो, आणि सहा वर्षांपूर्वीचा कण्याचा हिशेब या पाकिटातच सापडतो.